पोट बिघडलं, पण किती वाजता?

रायपूरहून बोलतोय. बाहेर ४४ अंश आहेत आणि कूलरचा आवाज माइकमध्ये येतो म्हणून तो बंद करायला लावलाय. तेव्हा मध्येच घाम पुसला तर समजून घ्या.

सुरुवातीलाच सांगतो, मी डॉक्टर नाही. पायदळातून निवृत्त झालेला अधिकारी आहे. कोणतं औषध किती घ्यायचं हे मी सांगणार नाही, ते ज्याचं काम त्याने करावं. पण शे-सव्वाशे माणसांना कधी वाळवंटात, कधी बर्फात दोन्ही वेळचं गरम जेवण द्यायचं आणि त्या जेवणाने कुणाला आडवं पडू द्यायचं नाही, ही जबाबदारी कंपनी कमांडरची असते. सैन्याला या गोष्टीची भीती फार जुनी आहे. १८९९ ते १९०२ च्या बोअर युद्धात ब्रिटिश फौजेत टायफॉइडचे ५७ हजारांवर रुग्ण झाले आणि ८ हजारांवर माणसं त्यात गेली. लढाईत पडले त्यांच्यापेक्षा रोगाने मेलेले जास्त होते. म्हणून आमच्या वेळी भरती झाल्याबरोबर टीएबीची सुई मिळायची. दंड असा सुजायचा की दोन दिवस सॅल्यूट जड जायचा. आणि म्हणूनच लंगरातल्या स्वयंपाक्यांची नखं तपासली जायची. नव्या पोरांना याचं हसू यायचं.

मला या विषयातलं जे कळतं त्यातलं बरंचसं एका तरुण आरएमओकडून, म्हणजे पलटणीच्या डॉक्टरकडून शिकलेलं आहे. एकदा आमच्याकडे बडाखाना होता. बडाखाना म्हणजे साहेब आणि जवान एकत्र बसून जेवतात ते मोठं जेवण. आठ वाजता जेवणं झाली. साडेदहाला पहिला जवान ओकला आणि अकरापर्यंत चाळीसेक जण एमआय रूमच्या बाहेर बसले होते. कुणी म्हणे मटण खराब, कुणी म्हणे पाण्यात काहीतरी कालवलंय. मीही विचारलं, "डॉक्टर, मटण का?" तो कॅप्टन, वय असेल २७, म्हणाला, "सर, काय खाल्लं ते नंतर. आधी प्रत्येकाने किती वाजता खाल्लं आणि किती वाजता उलटी झाली ते लिहून घेऊ."

रजिस्टर आलं आणि पंधरा मिनिटांत चित्र स्पष्ट झालं. सगळ्यांची उलटी जेवणानंतर दोन ते चार तासांत सुरू झालेली. ताप कुणालाच नाही. आणि आजारी पडलेल्या प्रत्येकाने कस्टर्ड खाल्लेलं. ज्यांनी रमकडे जास्त लक्ष देऊन कस्टर्डकडे पाठ फिरवली ते ठणठणीत. आमच्या बॅचमध्ये आजही त्याचा दाखला देतात, पण तो वैद्यकीय सल्ला नव्हे. कस्टर्ड दुपारी केलेलं, संध्याकाळभर उकाड्यात उघड्यावर होतं आणि ते ढवळणाऱ्या स्वयंपाक्याच्या अंगठ्यावर पिकलेला फोड होता. फोडातले स्टॅफिलोकॉकस जातीचे जिवाणू दुधात उतरले आणि खुशाल वाढले. सकाळी पीटीला निम्म्याहून अधिक पोरं उभी होती. डॉक्टरने एकालाही अँटिबायोटिक दिलं नव्हतं. ओआरएस, दोन-चार जणांना सलाईन, बस.

का दिलं नाही, ते त्याने मला नंतर समजावलं आणि आज मला तेच तुमच्यापर्यंत पोचवायचं आहे. खाण्यातून येणारे जिवाणू दोन तऱ्हांनी त्रास देतात. काही जिवाणू अन्नातच विष तयार करून ठेवतात. तुम्ही ते तयार विष खाता, त्यामुळे शरीर लगेच, म्हणजे एक ते सहा तासांत ते बाहेर फेकायला लागतं. इथे जिवाणू मारणारं औषध कशाला मारणार? विष तर आधीच पोटात गेलेलं. दुसऱ्या तऱ्हेत जिवंत जिवाणू पोटात जातात, आतड्यात बस्तान बसवतात, वाढतात आणि मग लक्षणं दिसतात. त्याला वेळ लागतो. साल्मोनेला आणि शिगेला साधारण एक ते तीन दिवस घेतात. कॅम्पिलोबॅक्टर दोन ते पाच दिवस. पटकीचा जंतू काही तासांपासून पाच दिवसांपर्यंत. टायफॉइड तर एक ते तीन आठवडे. म्हणजे आज टायफॉइडचा ताप आला तर त्याचं कारण एक ते तीन आठवड्यांपूर्वी कधीतरी प्यायलेलं पाणी किंवा खाल्लेली चटणी असते. आपण मात्र शिव्या देतो काल रात्रीच्या गुपचुपवाल्याला. गुपचुप म्हणजे तुमची पाणीपुरी.

तेव्हा पोट बिघडलं की पहिलं घड्याळ बघा आणि वेळ लिहून ठेवा. डॉक्टरकडे गेल्यावर "काहीतरी बाहेरचं खाण्यात आलं" या वाक्याचा त्यांना काही उपयोग नसतो. "शुक्रवारी रात्री नऊला भंडाऱ्यात जेवलो, शनिवारी संध्याकाळी थंडी वाजून ताप आला, रविवारी पहाटेपासून जुलाब," याचा असतो.

पहिल्या तऱ्हेचं घरातलं उदाहरण सांगतो, कारण ते आपल्या प्रत्येक स्वयंपाकघरात आहे. भात. छत्तीसगड म्हणजे धान का कटोरा. इथे रात्रीचा भात पाण्यात भिजवून सकाळी कांदा-चटणीबरोबर खातात, त्याला बोरे-बासी म्हणतात. २०२२ मध्ये इथल्या सरकारने १ मे या कामगार दिनी सगळ्यांनी बोरे-बासी खावी असं आवाहन केलं, तेव्हा आमच्या कॉलनीतल्या मराठी घरांमध्येही बासी झाली. मला आवडते. उन्हाळ्यात तिच्यासारखं पोटाला थंड दुसरं काही नाही. पण भाताबरोबर बॅसिलस सेरियस नावाचा जिवाणू येतो. तांदूळ शिजवला तरी त्याची बीजं मरत नाहीत. शिजलेला भात उन्हाळ्यात ओट्यावर तसाच झाकून ठेवला की ती बीजं जागी होतात आणि विष करतात. हे विष इतकं टणक असतं की दुसऱ्या दिवशी कढईत घालून खरपूस परतलं तरी मोडत नाही. आता आपला फोडणीचा भात आठवा! फोडणीने चव येते, विष जात नाही. भात उरणार असेल तर परातीत पसरून लवकर निववा आणि फ्रिजमध्ये टाका. शिजलेलं अन्न बाहेर दोन तास ठीक. रायपूर-नागपूरच्या मे महिन्यात एकच तास. बासी करायची तर स्वच्छ पाण्यात, ताज्या भाताची करा आणि सकाळीच संपवा, दुपारपर्यंत रेंगाळू देऊ नका.

आता उपचार. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण माणसं मरतात ती बहुतेक वेळा इथे.

जुलाब लागले की घरातला प्रत्येक जण एकच प्रश्न विचारतो, "थांबले का?" चुकीचा प्रश्न. विचारायला हवं, "लघवी झाली का?" जुलाब थांबवणं हे उद्दिष्टच नाही. जेवढं पाणी आणि मीठ बाहेर जातंय तेवढं आत जातंय की नाही, एवढंच बघायचं. पटकीच्या रुग्णाच्या शरीरातून तासाला लिटरभर पाणी जाऊ शकतं. सकाळी चालता-बोलता असलेला माणूस संध्याकाळी जात नाही असं नाही. आणि पटकी इतिहासजमा झाली असं समजू नका. जुलै २०२२ मध्ये मेळघाटात, चिखलदरा तालुक्यातल्या पाचडोंगरी आणि कोयलारी या गावांत विहिरीच्या दूषित पाण्याने पटकीची साथ आली आणि माणसं दगावली.

१९७१ साली बांगलादेशातून लाखो निर्वासित बंगालमध्ये आले. माझ्या आधीच्या पिढीतले अधिकारी त्या युद्धाच्या गोष्टी सांगायचे, पण ही गोष्ट कुणी सांगत नसे. बनगावच्या छावणीत पटकी पसरली. डॉ. दिलीप महालनबीस तिथे काम करत होते. शिरेतून द्यायचं सलाईन संपत आलं, जमिनीवर रुग्णांच्या रांगा. त्यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज पाण्यात कालवलं, पिंपांत भरलं आणि रुग्णांच्या नातेवाइकांच्याच हातात पेले देऊन सांगितलं, पाजत राहा. त्या छावणीत तोवर शंभरातले तीसेक रुग्ण मरत होते, ते प्रमाण चाराच्या खाली आलं. नातेवाइकांनी पाजलेल्या पेल्यांनी! महालनबीस २०२२ मध्ये गेले आणि २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं.

हे पाणी काम का करतं, तेही ऐका, म्हणजे कृतीत गडबड होणार नाही. आतडं बिघडलं तरी साखर आणि मीठ एकत्र आत ओढून घेण्याची त्याची वाट शाबूत असते आणि त्यांच्यामागून पाणी येतं. म्हणजे साखर चवीसाठी नाही, ती मिठाला आत नेते. पण साखर जास्त झाली की उलट होतं, ती आतड्यात पाणी खेचते आणि जुलाब वाढतात. म्हणून कोल्ड्रिंक नको, डब्यातला ज्यूस नको. दुकानात मिळणाऱ्या गोड पेयांवर 'ओआरएस' लिहिलेलं असायचं. ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयने, ठरलेलं सूत्र पाळत नसलेल्या पेयांना हे नाव वापरायला बंदी केली. उशिरा का होईना, केली. खऱ्या पुडीवर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख असतो. लिटरच्या पुडीत साडेवीस ग्रॅम पावडर असते आणि ती अख्खी एक लिटर पाण्यातच घालायची. अर्धी पुडी अंदाजाने ग्लासात टाकणारी सुशिक्षित माणसं मी पाहिली आहेत. पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. उलटी होत असेल तर दहा मिनिटं थांबा आणि मग चमच्या-चमच्याने, मिनिटा-दोन मिनिटांनी एक. गटागट पाजलं की पुन्हा बाहेर येतं. दोन वर्षांच्या आतल्या मुलाला प्रत्येक जुलाबामागे ५० ते १०० मिली, त्याहून मोठ्या मुलाला १०० ते २०० मिली, आपल्यासारख्यांनी जेवढं जाईल तेवढं. अंगावरचं दूध बंद करायचं नाही. मऊ भात, वरणाचं पाणी, केळं, ताक चालू ठेवायचं. पोटाला विश्रांती म्हणून उपाशी ठेवण्याची आपल्या आज्यांची पद्धत होती. आज्यांचं बाकी सगळं मान्य, हे नाही. लहान मुलांना डॉक्टर १४ दिवस झिंकही देतात. जुलाब थांबले म्हणून ते मध्येच बंद करू नका.

घरी थांबायचं कुठवर? पाणी पोटात टिकतंय, लघवी होतेय, माणूस नीट बोलतोय तोवर. सहा-आठ तास लघवी नाही, डोळे खोल गेले, मूल रडतंय पण अश्रू नाहीत, पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडली तर सावकाश परत जाते, माणूस गुंगीत आहे, यातलं एक जरी दिसलं तरी निघायचं. १०८ छत्तीसगडातही लागतो आणि महाराष्ट्रातही. शौचातून रक्त पडलं तरी निघायचं, मग माणूस कितीही ठीक दिसो. १०२ च्या वर ताप असला तरी. आणि रक्त किंवा ताप असताना जुलाब बंद करणारी लोपेरामाइडची गोळी घ्यायची नाही. शत्रू किल्ल्यात असताना दरवाजे आतून बंद केल्यासारखं ते होतं. रक्त पडतंय म्हणून कपाटातलं उरलेलं अँटिबायोटिकही नाही. ई. कोलायची एक जात अशी आहे की तिच्यात काही अँटिबायोटिक्सनी जास्त विष सुटतं असं मानतात आणि आठवड्याभराने, जुलाब बरे झाल्यावर, मुलाचं मूत्रपिंड बंद पडू शकतं. मूल पांढरंफटक दिसायला लागलं आणि लघवी कमी झाली तर ही शंका घ्या. कोणत्या आवेला औषध लागतं आणि कोणत्या नाही, हे डॉक्टरला ठरवू द्या.

टायफॉइडकडे येतो. आमच्याकडे कामाला येणाऱ्या बाईंचा मुलगा, वय १९, सिलतऱ्याच्या एका कारखान्यात हेल्पर. ताप आला. तिसऱ्या दिवशी कुठल्याशा दुकानातून कागदात बांधलेल्या गोळ्या आणल्या. ताप जरा उतरला, मग पुन्हा चढला. दुसऱ्या दुकानातून दुसऱ्या गोळ्या. कुणीतरी विडाल टेस्ट करायला लावली, ती पॉझिटिव्ह, मग सुया. त्या तीन दिवस घेतल्या, पैसे संपले, बंद. हे सगळं बाई आमच्या घरात रोज भांडी घासत असताना चाललं होतं आणि त्यांनी एका शब्दाने सांगितलं नाही. सतराव्या दिवशी सकाळी त्या आल्या नाहीत, फोन आला. मी गाडी काढून गेलो. मुलगा खाटेवर पाय पोटाशी घेऊन पडलेला, पोट फळीसारखं कडक, हात लावू देत नव्हता. आई सांगत होती, "बुखार त उतर गे रिहिस साहब." ताप तर उतरला होता. अंग खरंच गार होतं, घामाने निथळत होतं आणि नाडी मोजली तर १३०. जखमी माणसाची नाडी अशी लागते. त्याला मी हातांवर उचलून गाडीत घातला. सरकारी रुग्णालयात सर्जननी त्याच रात्री पोट उघडलं. लहान आतड्याच्या शेवटच्या भागाला भोक पडलं होतं. मुलगा वाचला. अडीच महिने कामावर जाऊ शकला नाही आणि त्या घरातली कमाई त्याचीच मोठी होती.

टायफॉइड तिसऱ्या आठवड्यात असा घात करतो. ताप अचानक उतरणं आणि त्याच वेळी पोटात प्रचंड दुखणं ही सुटका नसते. आतडं फुटल्याची ती खूण आहे. तिथे तासांचा हिशोब असतो.

पण तिसऱ्या आठवड्यापर्यंत जायचंच कशाला? टायफॉइडचा ताप बहुधा एकदम चढत नाही, रोज थोडा-थोडा वर जातो. डोकं दुखतं, जीभ पांढरट होते, भूक मरते. जुलाबच लागतील असं नाही, मोठ्यांना कित्येकदा बद्धकोष्ठ होतं. म्हणून लोकांना वाटत नाही की हा खाण्यापिण्यातून आलेला आजार आहे. तीन दिवसांच्या वर ताप राहिला आणि मलेरिया-डेंग्यूच्या तपासण्या निगेटिव्ह आल्या की डॉक्टरांना एक गोष्ट विचारा, "अँटिबायोटिक सुरू करण्याआधी ब्लड कल्चर करायचं का?" एवढं वाक्य पाठ करा. त्यात 'आधी' हा शब्द महत्त्वाचा. गोळी पोटात गेल्यावर रक्तातला जंतू कल्चरमध्ये उगवेनासा होतो. निकालाला दोन-तीन दिवस किंवा थोडे अधिक लागतात, आजार गंभीर असेल तर डॉक्टर रक्त घेऊन लगेच औषध सुरू करतात. कल्चर नेहमी पकडतंच असंही नाही. पण पकडलं तर कोणतं औषध या जंतूवर चालेल ते कागदावर मिळतं.

विडाल ही फर्नांड विडाल यांची १८९६ सालची तपासणी. तिच्यात जंतू सापडत नाही, जंतूविरुद्ध शरीराने केलेली प्रतिद्रव्यं मोजतात. ती जुन्या टायफॉइडची असू शकतात, लसीची असू शकतात, भलत्याच तापातही वाढू शकतात. आपल्या देशात अनेकांच्या रक्तात ती थोडीफार असतातच. त्यामुळे "विडाल पॉझिटिव्ह" या दोन शब्दांवर आपल्याकडे किती लोकांनी टायफॉइड नसताना टायफॉइडची औषधं खाल्ली असतील, देव जाणे. १८९६ ची रायफल घेऊन आज कुणी सीमेवर उभा राहील का?

आणि औषधंही ती राहिली नाहीत. माझ्या नोकरीच्या मधल्या काळात टायफॉइड म्हटलं की सिप्रोफ्लॉक्सासिन. आता आपल्या देशातल्या बहुतेक टायफॉइड जंतूंवर ते नीट चालत नाही. डॉक्टर अझिथ्रोमायसिन, सेफिक्झिम, सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन यांच्याकडे वळले आहेत. पाकिस्तानात सिंधमध्ये २०१६ पासून सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनलाही दाद न देणारा टायफॉइड पसरला. तिथे तोंडाने घ्यायचं एक अझिथ्रोमायसिनच काय ते उरलं. जंतूला पासपोर्ट लागत नाही. आणखी एक. योग्य औषध योग्य मात्रेत दिलं तरी टायफॉइडचा ताप उतरायला चार-पाच दिवस, कधी आठवडाही लागतो. तिसऱ्या दिवशी "फरक नाही" म्हणून डॉक्टर बदलणं आणि पाचव्या दिवशी "बरा झालो" म्हणून गोळ्या बंद करणं, या दोन्हीतून तो मुलगा गेला होता.

टायफॉइडची लस मिळते. नवी मुंबई महानगरपालिकेने २०१८ मध्ये ९ महिने ते १४ वर्षांच्या एक लाखाहून अधिक मुलांना नवी कॉन्जुगेट लस दिली. सरकारी पातळीवर ही लस इतक्या प्रमाणात देण्याचा तो जगातला पहिला प्रयोग होता आणि तो मराठी मुलखात झाला. नातवंडांच्या बालरोगतज्ज्ञांना विचारून घ्या.

आता पुणे. खडकवासल्याला, एनडीएत, मी तीन वर्षं काढली. सिंहगड रस्त्यावर तेव्हा संध्याकाळी सायकल चालवताना समोरून बैलगाडी यायची. आज तिथे इमारतींना इमारती लागल्या आहेत. जानेवारी २०२५ मध्ये त्याच पट्ट्यात, किरकटवाडी, नांदेड गाव, धायरी या भागात, जीबीएस म्हणजे गियाँ-बारे सिंड्रोमचे रुग्ण सापडू लागले. थोड्याच आठवड्यांत पुणे परिसरात संशयितांचा आकडा दोनशेच्या घरात गेला, कित्येक जण व्हेंटिलेटरवर, काही गेले. काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर सापडला आणि पाण्याच्या स्रोतांकडे बोटं वळली. तिथे राहणारा माझा एक बॅचमेट तेव्हा रोज फोन करायचा. त्याला कळत नव्हतं की जुलाब आणि पांगळेपणा यांचा संबंध काय.

संबंध असा. कॅम्पिलोबॅक्टरचं वरचं आवरण आपल्या मज्जातंतूंच्या आवरणासारखं दिसतं. शरीर जंतूशी लढायला सैन्य उभं करतं आणि ते आपल्याच तारा तोडायला लागतं. आम्ही याला आपल्याच माणसांवर गोळीबार म्हणतो. हे क्वचित होतं, हजारातल्या एखाद्या रुग्णाला. पण कधी होतं ते लक्षात ठेवा. जुलाब बरे झाल्यावर एक ते तीन आठवड्यांनी. माणूस विसरूनही गेलेला असतो. पायांना मुंग्या, मग जिना चढवेना, मग खुर्चीतून उठवेना, अशक्तपणा खालून वर चढत जातो. छातीपर्यंत आला की श्वास. अशा वेळी "अशक्तपणा आलाय, ताकदीची सुई द्या" म्हणून घरी बसायचं नाही, आयसीयू असलेल्या मोठ्या रुग्णालयात त्याच दिवशी जायचं. इम्युनोग्लोब्युलिन किंवा प्लाझ्मा बदलण्याचे उपचार पहिल्या दोन आठवड्यांत चांगले लागू पडतात. बहुतेक जण बरे होतात, महिने लागतात. आणि तिथेही डॉक्टर विचारतात, मागच्या महिन्यात पोट बिघडलं होतं का, कधी?

हा जंतू कच्च्या कोंबडीवरही असतो. कोंबडी नळाखाली खसखसून धुऊ नका, शिंतोडे शेजारच्या कोथिंबिरीवर उडतात. तिला नीट शिजवा, जंतू मरतो.

याच्या अगदी उलट, वरून खाली उतरणारा पांगळेपणा म्हणजे बॉट्युलिझम. दुर्मीळ आहे, पण भारतात झालेला आहे. १९९६ मध्ये गुजरातेतल्या एका निवासी शाळेतले ३४ विद्यार्थी आजारी पडले, तिघे दगावले, संशय शेवेवर होता. खाल्ल्यावर बहुधा १२ ते ३६ तासांत एकाचं दोन दिसायला लागतं, पापण्या मिटतात, बोलणं बोबडं होतं, गिळता येत नाही. ताप नाही, शुद्ध पक्की. उतारा म्हणून अँटिटॉक्सिन असतं, ते लवकर मिळालं तरच उपयोगाचं. फुगलेला डबा उघडून वास घेऊ नका, फेकून द्या. आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नका, घुटीतूनही नाही. मधातली या जंतूची बीजं मोठ्यांच्या पोटात काही करत नाहीत, बाळाच्या पोटात उगवतात.

गरोदर बाईला ताप आला, अंग दुखलं, तर तो साधा फ्ल्यू समजू नये, एवढंच इथे सांगतो. लिस्टेरिया नावाचा जंतू न तापवलेल्या दुधातून आणि मऊ चीजमधून येतो, फ्रिजमध्येही वाढतो, आठवड्यांनी दिसतो आणि बाळाला धोका करतो. त्याच दिवशी डॉक्टर.

रायपूरविषयी दोन शब्द. २०१८ मध्ये स्टेशनजवळच्या नहरपाऱ्यात कावीळ पसरली आणि माणसं गेली. ती विषाणूची, आजच्या विषयातली नव्हे. पण ज्या वाटेने ती आली, म्हणजे नाल्यातून गेलेला पिण्याच्या पाण्याचा नळ, तीच वाट टायफॉइडची आणि पटकीची. नळाला पहिल्यांदा गढूळ पाणी आलं की त्या दिवसापासून पाणी उकळायला घ्या. खळखळून एक मिनिट पुरे. नगर निगमचा माणूस येऊन सांगेल याची वाट बघू नका.

शेवटी माझ्या वयाच्या श्रोत्यांसाठी. आपल्याला जुलाब लागले की आपण तरुणांसारखे नसतो. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी घेत असाल तर शरीरातलं पाणी दोन्हीकडून जातं आणि मूत्रपिंडाला फटका बसतो. मधुमेहाच्या काही गोळ्यांचंही तसंच आहे. हृदय किंवा मूत्रपिंड आधीच कमजोर असेल तर ओआरएस किती प्यायचं हेसुद्धा विचारूनच ठरवावं लागतं. आणि वर्षानुवर्षं सकाळी उठल्याबरोबर अ‍ॅसिडिटीची गोळी घेणाऱ्यांनो, पोटातलं आम्ल हा जंतूंपुढचा पहिला पहारा असतो, तो तुम्ही स्वतः हटवलेला आहे. पुढच्या भेटीत डॉक्टरांना विचारून ठेवा की जुलाब-उलट्या सुरू झाल्या तर यातल्या कोणत्या गोळ्या थांबवायच्या आणि किती दिवस. ते उत्तर एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहा. त्याच कागदाच्या मागे जागा ठेवा: काय खाल्लं, किती वाजता, त्रास किती वाजता सुरू झाला, ताप किती, शेवटची लघवी कधी, कोणती गोळी घेतली. कागद फ्रिजच्या दारावर लावा. मी पेन्सिलही दोरीने बांधून ठेवली आहे, नाहीतर आमच्या घरात ऐन वेळी ती सापडत नाही.